न पोचलेला नमस्कार

१

भिंतीवर ते वाक्य उमटलं तेव्हा जयवंती मॅडमचा चहाचा कप ओठांपाशी होता. तो तिथेच थांबला.

“रोशनी: लंगडी आली, आता सगळ्यांनी शहाण्यासारखं वागायचं नाटक करा.”

प्रोजेक्टरने एकेक अक्षर वीतभर केलं होतं, त्यामुळे वाचलंच नाही असं म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती. जयवंती मॅडम अंधेरीच्या एका कंपनीतून आल्या होत्या; सराव मुलाखतीही त्यांनीच येऊन घेतल्या होत्या. डावा पाय ओढत त्यांनी क्लासचा जिना चढला होता. या बॅचमधून त्या एकालाच नोकरी देणार होत्या, आणि ती रोशनीला मिळणार हे खालच्या फरसाणवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

रोशनी आपल्या बाकावर होती. बोटं अजून कीबोर्डवरच.

“सर, मी फक्त नमस्कार लिहिलाय,” ती म्हणाली. “माझा नमस्कार कुठंय?”

सुमेध सरांनी प्रोजेक्टर बंद केला. एव्हरशाईन सिटीत त्यांच्या कॉम्प्युटर क्लासचं नाव होतं, आणि ते नाव जपायची त्यांना भारी काळजी. “तुझ्याच मशीनवरून आलंय ते,” ते म्हणाले. “नावही तुझंच आहे. बाहेर हो.”

ती बाहेर झाली. नोकरी तिच्या चुलतभावाला, हितेशला मिळाली; मॅडमच्या तोंडी प्रश्नांना त्याने सगळ्यांत चटपटीत उत्तरं दिली. त्याने लाडू वाटले, आणि सगळ्यांनी ते खाल्लेही.

मागच्या बाकावर बसलेल्या सुरुचीला मात्र त्या पोरीचा प्रश्न काही केल्या गिळता येईना. खोटं बोलणारा माणूस ‘मी नाही लिहिलं’ म्हणतो. ‘माझं कुठं गेलं’ असं तो कशाला विचारेल?

२

सुरुचीचं सगळं आयुष्य विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलं. जळलेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, विहिरीत पडलेले पंप. कोण रडतोय यापेक्षा तो कशासाठी रडतोय ते ऐकायची तिला सवय लागली होती. निवृत्तीनंतर सोसायटीच्या भिशीत जीव रमेना म्हणून ती या क्लासला आली. पोरं तिला काकी म्हणत आणि तिच्या प्रोग्राममधले स्वल्पविराम शोधून देत. सगळ्यात जास्त रोशनीने शोधून दिले होते, तेही न हसता. ती एकटीच तिला मॅडम म्हणे.

शिकत होते ते सॉकेट. दोन मशीननी एकमेकांशी बोलायचं कसं, एवढीच त्यातली विद्या. सरांनी समजावलं होतं ते असं: प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, जसा बिल्डिंगला. आणि त्या मशीनवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला एक नंबर, जसा फ्लॅटला. दार उघडून वाट बघत बसतो तो सर्व्हर. पत्ता आणि नंबर शोधत येऊन दार वाजवतो तो क्लायंट. नंबर चुकला की आतून कुणीच दार उघडत नाही आणि पडद्यावर येतं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

परीक्षेचा दिवसही यावरच बेतला होता. सकाळी ज्याने त्याने आपला सर्व्हर सरांच्या पुढच्या मशीनवर आणून ठेवायचा. पाळी आली की तो चालू करायचा, मग आपल्या बाकावर जाऊन तिथल्या क्लायंटमधून निरोप पाठवायचा. निरोप भिंतीवर दिसला की पास. कुणी कुठला नंबर वापरायचा ते सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं.

रोशनीच्या आईला दाखवता यावा म्हणून सुरुचीने तिच्या पाळीचा व्हिडिओ काढला होता. आता तिने तो पुन्हा लावला. रोशनी पुढे जाते, सर्व्हर चालू करते, बाकावर येते, बसते. समोरच्या बाकावरून जॉयलचं पुटपुटणं ऐकू येतं, “अरे यार, रिफ्यूज्ड का येतंय?” आणि भिंतीवर ते घाणेरडं वाक्य. त्याच्या आधी, डाव्या कडेला, पाठवणाऱ्या मशीनचा पत्ता.

१२७.०.०.१.

क्लासमधल्या सगळ्या बाकांचे पत्ते १९२ ने सुरू होत. हे १२७ कुठलं?

दुसऱ्या दिवशी तिने सरांनाच विचारलं. सरांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. “काकी, नेटवर्क कधी कधी उलटसुलट नंबर दाखवतं. तुम्ही लूपकडे लक्ष द्या, तुमचा तिथे घोळ आहे.”

घोळ होता हे खरं. पण आयुष्यभर दावे तपासलेल्या बाईला न बघता दिलेलं उत्तर पचत नाही.

३

घरी सुरुचीकडे एक जुना लॅपटॉप होता आणि एक लेकीने पुण्याला जाताना टाकून दिलेला. त्या संध्याकाळी तिने स्वैपाकाला सुट्टी दिली. जुन्यावर सर्व्हर चालू केला. क्लायंट लेकीच्या लॅपटॉपवर ठेवायचा तो धांदलीत त्याच जुन्यावर चालवला. नवशिक्याच्या हातून होतं तसं. वर पुस्तकातल्या उदाहरणातला पत्ता तसाच राहू दिला.

निरोप पोचला. शेजारी पत्ता उमटला: १२७.०.०.१.

तिने कपाळाला हात लावला. मग तोच क्लायंट लेकीच्या लॅपटॉपवर नेला. आता मशीन जागचं हलेना, ‘रिफ्यूज्ड’ म्हणून मोकळं झालं. पत्ता बदलून जुन्या लॅपटॉपचा खरा पत्ता दिला तेव्हा कुठे निरोप गेला, आणि शेजारी १९२ ने सुरू होणारा पत्ता आला. म्हणजे १२७.०.०.१ ही दुसरी बिल्डिंग नव्हतीच. तो आपल्याच घराचा पत्ता होता. त्या पत्त्याने आलेला निरोप त्याच मशीनवरून निघालेला असणार. बाहेरून कुणाचा येणंच शक्य नाही.

वाक्य रोशनीच्या बाकावरून आलं नव्हतं. ते सरांच्या पुढच्या मशीनवरून आलं होतं.

तिने आणखी एक करून पाहिलं. जुन्या लॅपटॉपवरचा क्लायंट जोडलेलाच ठेवून दुसऱ्यावरून ‘नमस्कार’ पाठवला. पाठवणाऱ्याला सगळं ठीक दिसलं. सर्व्हरवर मात्र काही उमटेना. क्लासमध्ये शिकवलेला सर्व्हर एका वेळी एकाशीच बोलायचा, दुसरा आला की तो दाराबाहेर ताटकळत राहायचा. पहिला क्लायंट बंद केल्यावर तो नमस्कार निमूटपणे पडद्यावर आला.

रोशनीचा नमस्कार कुठे गेला ते आता कळलं. तिच्या आधी कुणीतरी आत जाऊन बसलं होतं.

पण त्या वेळी पुढच्या मशीनपाशी कुणीच नव्हतं. व्हिडिओत ती खुर्ची रिकामी दिसत होती.

४

“तुम्हाला माहीत होतं,” सुरुची म्हणाली.

सुमेध सर क्लासमध्ये एकटेच होते. त्यांनी दार लोटून घेतलं. “हे १२७ चं मी वर्षानुवर्षं शिकवतोय, काकी. माहीत नसेल का?”

“मग त्या पोरीला का हाकललंत?”

“ती कंपनी दर वर्षी माझ्याकडून माणूस घेते. माझ्याच मशीनवरून असली घाण आली म्हटल्यावर कोण पुन्हा पायरी चढलं असतं? एका मुलीचा वात्रटपणा म्हटलं की तिथल्या तिथे मिटतं.” त्यांचा आवाज अजिबात कापला नाही, याचंच सुरुचीला जास्त वाईट वाटलं. “सगळे गेल्यावर मी मशीन बघितलं. मागे एक छोटा प्रोग्राम गुपचूप चालू होता. रोशनीचा सर्व्हर उघडेपर्यंत दार वाजवत राहायचं, उघडला की आत शिरायचं, ती बाकावर पोचेल एवढा वेळ थांबायचं आणि ते वाक्य टाकायचं.”

“कुठाय तो?”

“पुसला.”

सुरुचीने असले लोक पाहिले होते. गोदाम जळताना पाणी न मारता आधी आपली खुर्ची बाहेर काढणारे. “मग निदान एवढं सांगा, तो तुम्ही ठेवला नव्हता कशावरून?”

“रोशनी नोकरीला लागली असती तर मी बाहेर तिचा बॅनर लावणार होतो,” सर म्हणाले. ते मात्र खरं वाटलं.

म्हणजे सकाळी त्या मशीनला हात लावलेल्यांपैकीच कुणीतरी. आणि त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक हवी: रोशनीचा सर्व्हर कुठल्या नंबरचं दार उघडणार.

५

जॉयल पाचूबंदरचा. घरची बोट, तोंड फटकळ. सराव मुलाखतीत रोशनी त्याच्या पुढे गेली तेव्हा त्याने बाक लाथाडला होता. तो म्हणाला, “काकी, माझी तिच्याशी खुन्नस होती, ओपनली होती. पन मी असं नाय करणार. लंगडी वगैरे? माझा डॅडी पन एका पायाने अधू आहे.”

“त्या वेळी तू रिफ्यूज्ड म्हणून काय ओरडत होतास?”

“तिच्यानंतर मी तिच्या सर्व्हरवर हाय टाकणार होतो, सर बोलले होते तसं. फळ्यावरचा नंबर टाकला, सहा हजार पाच. रिफ्यूज्ड. परत टाकला, परत रिफ्यूज्ड. वाटलं आपलाच कोड गंडला.”

सेलिन हुशारीत दुसरी. रोशनी गेल्यावर नोकरी आपल्याला लागेल असं तिला वाटलं असेल तर नवल नव्हतं. पण ती त्या दिवशी उशिरा आली होती, वारलेल्या मावशीच्या महिन्याची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, आटपून. “मी पोचले तेव्हा मॅडम बसलेल्या होत्या. पुढच्या मशीनला मी हात लावला तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्या पाळीला.” तेही खरं होतं. तिची पाळी रोशनीनंतर होती.

हितेश भेटला तो गळ्यात नव्या कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी घालून. रोशनीच्या थोरल्या काकांचा मुलगा. दोघं गावाहून, चांदीपहून, एकाच मोटरसायकलवर यायचे, आणि मागे बसलेली रोशनी त्याला रस्ताभर धडा समजावत यायची, हे त्यानेच एकदा हसत सांगितलं होतं.

“वाईट झालं, काकी,” तो म्हणाला. “आमच्या घरचीच ना ती. पण रागाच्या भरात माणूस काय लिहील सांगता येत नाही.”

“तिचा नंबर काय होता रे?”

“फळ्यावर होता तोच. सहा हजार पाच. मी कशाला लक्ष देऊ, मला माझंच टेन्शन होतं.”

तीन जण, आणि तिघांचंही बोलणं सरळ. एकच गोष्ट वाकडी होती: नंबर बरोबर असून जॉयलला दार का उघडलं नाही? आत कुणी बसलं असेल तर ताटकळत ठेवतात, रिफ्यूज्ड म्हणत नाहीत. हे तर सुरुचीने स्वतः करून पाहिलं होतं.

तिने चांदीपला फोन लावला.

६

“नंबर?” रोशनीचा आवाज बसलेला होता. “मी बदलला होता तो, मॅडम. सकाळी पुढच्या मशीनवर सर्व्हर चालेचना. नंबर आधीच वापरात आहे म्हणत होता. सरांचं काहीतरी जुनं तेव्हा चालू असेल, नंतर बंद झालं असेल. म्हणून मी सात हजार अकरा केला. गडबडीत फळ्यावर बदलायचं राहून गेलं.”

“कुणाला सांगितलंस?”

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

“हितेशदादाला,” ती म्हणाली. “चालतंय का ते बघायला दुसऱ्या बाकावरून कोणीतरी हवं होतं. त्यानेच निरोप पाठवून बघितला. पोचला.”

बोलताना तिचं तिलाच कळलं. सुरुचीला काही सांगावं लागलं नाही.

हितेशला सुरुचीने क्लासखालच्या टपरीवर गाठलं. “सात हजार अकरावर तू स्वतः निरोप पाठवलास,” ती म्हणाली. “जॉयलला तो नंबर माहीत नव्हता म्हणून तो सगळ्यांसमोर जुनाच वाजवत बसला. सेलिन सकाळी चर्चमध्ये होती. सर माहीत असून गप्प बसले, पण बदललेला नंबर त्यांनाही माहीत नव्हता. तो माहीत असलेला तू एकटा. मला तू फळ्यावरचा का सांगितलास?”

त्याने थोडा वेळ रागावून पाहिलं. मग खांदे पाडले. “गावात सगळे विचारतात, रोशनी तुला शिकवते ना रे? बाप पण विचारतो. तिचं काय, आज ना उद्या लग्न होऊन जाईल. मी कुठं जाऊ?”

“तो प्रोग्राम तुला लिहिता आला?”

“दार उघडेपर्यंत वाजवत राहायचं कसं, ते तिनेच शिकवलेलं,” तो म्हणाला. हे सांगताना त्याला लाज वाटली नाही. सुरुचीला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे पुष्कळदा वाटलं.

जयवंती मॅडमना तिने सगळं फोनवर सांगितलं. “त्या शब्दाची मला सवय आहे,” त्या म्हणाल्या. “त्या मुलीचं तोंड आठवून मला झोप लागली नाही, एवढं खरं. पण तुमच्या सांगण्यावरून मी कुणाला काढू शकत नाही, आणि सरांनी पुरावा पुसलाय. रोशनीने स्वतः यावं आणि माझ्यासमोर सांगावं. मी त्याला काढते, तिला घेते. या आठवड्यात मात्र.”

म्हणजे रस्ता मोकळा होता. सुरुचीने रिक्षा केली आणि थेट चांदीप गाठलं.

७

ओटीवर रोशनीचे आजोबा बळीराम बसले होते. रोशनीची आई जिजा दारात उभी. नवरा गेल्यापासून ती याच घरात, दिरांच्या शेतात राबून राहिलेली. सुरुचीने अथपासून इतिपर्यंत सांगितलं. बिल्डिंग आणि फ्लॅट करून सांगितलं, कुणालाही कळेल असं. रोशनी खांबाला टेकून ऐकत होती.

म्हाताऱ्याने चंची मिटून बाजूला ठेवली. शेवटी म्हणाला, “पोराने चूक केली. मी त्याला बोलेन. पन बाई, नोकरी घरातच रायली ना? मग चोरी कुठं झाली?”

“रोशनीची झाली, आजोबा. तिची बदनामी झाली. ती तिने कमावलेली नोकरी होती.”

“रोशनीची आनि हितेशची असं आमच्यात नस्ते. तुमच्या बिल्डिंगीत असंल.” तो चिडला नव्हता, त्याला खरोखरच तसं वाटत होतं. “आता ही जाऊन भावाच्या पोटावर पाय देनार, मग त्याचा बाप काय करंल? घर फुटंल. कोन निस्तरनार ते?”

सुरुचीने जिजाकडे पाहिलं. जिजाने पदर तोंडाशी धरला होता.

रोशनी सुरुचीला अंगणाच्या कडेला घेऊन गेली. “मॅडम, तुम्ही एवढं केलंत. कोनीच नसतं केलं.”

“मग चल. मी तुझ्याबरोबर येते अंधेरीला. तू फक्त खरं सांगायचंस.”

“आनि रात्री परत कुठं येऊ?” रोशनीने विचारलं. “मला बाहेर काढलं तर मी राहीन कुठंतरी. आईला काढलं तर? या घरात तिच्या नावावर एक ताट पन नाय.”

“दोघी माझ्याकडे या.”

“किती दिवस?” ती म्हणाली. त्यात कडवटपणा नव्हता, नुसता हिशेब होता, आणि सुरुचीला तो खोडता आला नाही.

तेवढ्यात हितेशची मोटरसायकल आली. सुरुचीला बघून तो क्षणभर थबकला, आजोबांकडे पाहिलं, त्यांचा चेहरा वाचला आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅग सैल केली. धोका टळलाय हे त्याला कळलं होतं.

“रोशने,” तो म्हणाला, जरा हळू आवाजात, “ते सर्व्हरचं मला जमत नाय. एका वेळी पुष्कळ लोक जोडायचेत, माझ्यात एकच जोडला जातो. उद्या दाखवायचंय. बघतेस का जरा?”

सुरुचीला वाटलं, आता ही पोर त्याच्या अंगावर धावून जाईल. जावंच, असं तिला वाटलं.

“बघ गो,” ओटीवरून बळीराम म्हणाला. “भावाचं काम हाय.”

रोशनीने लॅपटॉप घेतला. पायरीवर बसून मांडीवर उघडला. पडद्यावरून तिची नजर एकदाच फिरली आणि बोटं चालू लागली. गेले कित्येक दिवस तिने मशीनला हात लावला नव्हता. चेहऱ्यावर काही वेळाने जे आलं तो आनंद होता, आणि सुरुचीला तो बघवेना.

“इथं प्रत्येकाला वेगळा धागा द्यायचा, म्हंजे सगळे एकदम बोलू शकतात,” ती हितेशला सांगू लागली. “नीट बघ. तिथं विचारतील तुला.”

सुरुची फाटकाशी थांबली होती. तिला रोशनीचाच राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली. रोशनीने मान वर न करता म्हटलं, “मॅडम, तुम्ही निघा. इथून नंतर रिक्षा मिळनार नाय.”